गडद जीन्सवरचे पांढरे पट्टे, मिठाचं पाणी आणि पावसाळा: घरी जीन्स धुणाऱ्यांसाठी धागा

मुळशीकर
मंडळी, विषय किरकोळ आहे, पण आमच्या घरात यावरून रोज ठिणग्या उडतात. नवी गडद निळी जीन्स दोन-चार धुण्यांतच मांडीवर आणि गुडघ्यामागे पांढरट रेघा घेऊन बाहेर येते. मशीन फ्रंट लोड, पाणी बोअरचं, पावडर वाण्याकडून येते ती. घरात तीन पक्ष आहेत. आईचा पक्ष मिठाच्या पाण्याचा, बायकोचा व्हिनेगरचा आणि चिरंजीवांचा "जीन्स धुवायचीच नसते" हा. तिसरा पक्ष सगळ्यात बोलका, कारण त्यात काही करावंच लागत नाही. जाणकारांनी निवाडा करावा.

पमा_बेळगाव
मीठ घाला हो. नवा कपडा आणला की पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात रात्रभर. आमच्याकडे साड्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं असंच करतात. रंग बसतो.

चिंगी
पमाताई +१. तुरटी पण चालते म्हणतात.

ताणाबाणा
मुळशीकर, तिन्ही पक्षांचं डिपॉझिट जप्त. इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकलो आणि पुढची सगळी नोकरी डेनिमच्या मिलमध्ये झाली, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे. वीण ट्विलची, म्हणजे उभा धागा दोन-तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन मग एकाखाली शिरतो. म्हणून बाहेरून कापड निळं आणि आतून पांढरट. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. खरी गंमत रंगवण्यात आहे.

इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. त्याला विरघळवायला मिलमध्ये कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट) घालतात. तेव्हा हौदातलं पाणी निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. सूत त्यात बुडवायचं, पिळून वर काढायचं आणि हवेत फिरवायचं. हवा लागली की हिरव्याचं निळं होतं, डोळ्यांदेखत. नवीन भरती झालेली पोरं पहिल्या दिवशी तिथेच उभी राहायची, कामाला हलायची नाहीत. मग परत हौद, परत हवा, असे पाच-सहा किंवा जास्तही फेरे. प्रत्येक बुडी काही सेकंदांची, त्यामुळे रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. धागा आडवा कापून भिंगाखाली धरा: कडेला निळं, आत पांढरं, लाल मुळ्याच्या चकतीसारखं.

तेव्हा जीन्सचा रंग "जातो" तो मुख्यतः घासला जाऊन. नव्या जीन्सच्या पहिल्या पाण्याला जो निळा दिसतो तो वरवर चिकटलेला जास्तीचा रंग. पुढे वरचा थर झिजला की आतलं पांढरं उघडं पडतं. जीन्स विटलेली सुंदर दिसते ती याच कारणाने आणि तुमचे पट्टेही याच कारणाने.

आता मीठ. काही सुती रंगांना (डायरेक्ट, रिॲक्टिव्ह) रंगवण्याच्या वेळी मीठ लागतं, ते पाण्यातला रंग सुताकडे ढकलतं. रंगवून, शिवून, दुकानातून घरी आलेल्या कपड्यावर नंतर मीठ टाकून काही होत नाही. व्हिनेगरसारखं आम्ल लोकर आणि रेशमाच्या रंगांना लागतं. तुरटी मंजिष्ठासारख्या नैसर्गिक रंगांना धरून ठेवायला. इंडिगोला या तिघांशी काही देणंघेणं नाही. व्हिनेगरने एक होतं, बोअरच्या पाण्यातले क्षार आणि साबणाचा थर सुटतो, कापड मऊ लागतं आणि रंग उजळल्यासारखा दिसतो. म्हणून वहिनींना फरक जाणवत असेल तर तो खोटा नाही, फक्त कारण वेगळं आहे.

पमा_बेळगाव
म्हणजे इतकी वर्षं मीठ वायाच गेलं म्हणायचं.

ताणाबाणा
ताई, रात्रभर भिजत पडल्याने जास्तीचा रंग सुटून जात होता, तो नुसत्या पाण्यानेही सुटतो. मीठ लोणच्याला ठेवा.

मुळशीकर
ते सगळं कळलं, पण पट्ट्यांचं काय?

ताणाबाणा
पट्टे दोन प्रकारचे असतात, आधी कुठले ते ओळखा. ओल्या फडक्याने पट्टा पुसा. गेला, तर ती न विरघळलेली पावडर. फ्रंट लोडमध्ये पाणी कमी, त्यात बोअरचं कठीण पाणी आणि आपला हात सैल, त्यामुळे पावडर घड्यांत बसून राहते. लिक्विड वापरा किंवा पावडर निम्मी करा आणि एक जास्तीची खळबळ द्या. पुसून गेला नाही तर तो झिजेचा पट्टा, तो परत निळा होत नाही.

झिजेचं कारण असं की जाड डेनिम ओलं झालं की ताठ होतं. ड्रममध्ये त्याला एकदा घडी पडली की ती मोडत नाही, आणि पाऊण तास त्याच घडीची धार ड्रमवर घासत राहते. म्हणून जीन्स उलटी करायची, चेन आणि बटण लावायचं, थंड पाणी, कमी वेळेचं चक्र, स्पिन सहाशे-आठशेच्या पुढे नको. ड्रम गच्च भरायचा नाही. पण एकटी जीन्सही टाकू नका, दोन-तीन गडद कपडे सोबत असले की ड्रमचा तोल राहतो. आणि टॉवेल मुळीच नको. मशीन थांबल्यावर तशीच आत ठेवून ऑफिसला जायचं नाही, लगेच काढून दोन्ही पायांना धरून फटकन झटकायची. निम्म्या घड्या तिथेच जातात.

पावडर कुठली यालाही अर्थ आहे. "पांढरे कपडे लखलखीत" असं ज्या पुड्यावर लिहिलंय त्यात उजळपणा आणणारी द्रव्यं असतात, क्वचित ब्लीचही. गडद जीन्स त्याने राखाडी दिसायला लागते. रंगीत कपड्यांसाठीचं लिक्विड घ्या. रिठ्याचं पाणी पण उत्तम, फक्त नीट गाळून.

कोरी_जीन्स
चिरंजीवांची बाजू घ्यायला मी आलो. मी कोरं डेनिम वापरतो, म्हणजे मिलमधून आल्यावर एकदाही न धुतलेलं. यात गंमत अशी की घडी तुमच्या चालण्या-बसण्याने पडते आणि रंग तिथेच उतरतो. लवकर धुतली तर सगळीकडून सारखी विटते आणि मग कारखान्यात विटवलेली जीन्सच का घेऊ नये? आणि हे नुसतं आम्हा वेड्यांचं म्हणणं नाही. लिव्हाइसचे तेव्हाचे सीईओ चिप बर्ग यांनी २०१४ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात अंगावरची जीन्स दाखवून सांगितलं होतं की ही वर्षभर धुतलेली नाही. वास आला तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची.

रत्नांग्री
आमच्या फ्रीजरात सुरमई असते. जीन्सला जागा नाही.

खडूस_आजोबा
रत्नांग्री, आणि जीन्स ठेवली तर सुरमईला वास लागेल तो वेगळा.

थंडीकर
कॅनडातून. वर्षभर न धुण्यावरून इथे खरंच प्रयोग झालाय. २०११ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एकच जीन्स पंधरा महिने न धुता वापरली आणि प्राध्यापकांनी तिच्यावरचे जंतू मोजले. मग धुऊन, सुमारे दोन आठवडे वापरून परत मोजले. आकडे साधारण सारखेच निघाले. चिरंजीवांना मात्र इतकं सांगा की हा प्रयोग एडमंटनचा आहे. इथली हवा इतकी कोरडी की ओलं फडकं तासाभरात कडक होतं. घाम येतो तो बर्फ उपसताना.

फ्रीजरचं मात्र खरं नाही. घरच्या फ्रीजरच्या थंडीत बरेचसे जंतू मरत नाहीत, गारठून पडून राहतात. जीन्स अंगावर चढली की परत कामाला लागतात.

ताणाबाणा
थंडीकर, अगदी. त्यात आणखी एक भर. घामातलं मीठ आणि रस्त्यावरची बारीक धूळ कापडात बसली की प्रत्येक पावलाला धाग्याला धागा घासतो. मांड्यांच्या मध्ये जीन्स फाटते त्याचं हे मोठं कारण, विशेषतः दुचाकीवाल्यांची. कोरी_जीन्स, तुमचा छंद मान्य आहे, पण पुण्यातल्या मे महिन्यात सहा-सात वेळा घातली की एक पाणी द्याच. टबमध्ये कोमट पाणी, थोडं लिक्विड, उलटी बुडवून अर्धा तास, मग दोन स्वच्छ पाणी. घासायचं नाही, पिळायचं नाही. घडीची नक्षी तशीच राहते.

कोरी_जीन्स
टबवाला उपाय मीही करतो, फक्त जरा उशिरा. :)

खडूस_आजोबा
आमच्या वेळी नळाखालच्या दगडावर धोपाटण्याने धुवायचे. रंग जायचा, माती पण जायची. कोणी धागे काढत नव्हतं.

पमा_बेळगाव
आजोबा, आता दगड नाही, ब्रश आहे. धुण्याला येणाऱ्या मावशी जीन्स फरशीवर पसरतात, वडी फिरवतात आणि प्लास्टिकच्या ब्रशने मांडीवर खसाखसा. नको म्हटलं तर म्हणतात, मग मळ कसा निघायचा? लेकाच्या जीन्सवर ब्रशच्या पट्ट्या मोजून घ्याव्यात अशा दिसतात.

रत्नांग्री
पमाताई, जीन्स उलटी करूनच बादलीत टाका. मावशी मग आतल्या बाजूने घासतील, त्यांचंही समाधान आणि बाहेरचा रंग शाबूत. आमच्याकडे हाच तोडगा चाललाय. ब्रश फक्त पायाच्या मुडपीला, जिथे चिखल असतो, आणि तोही वाळल्यावर झाडून मग.

आता माझं दुखणं. जून ते सप्टेंबर इथे जीन्स वाळत नाही. पाय वाळतात, कमरेचा पट्टा आणि खिसे तिसऱ्या दिवशीही गार लागतात. कपाटात ठेवली की कुबट वास. यावर मी जे करते ते लिहिते, कोणाकडे चांगलं असेल तर सांगा.

मशीनमध्ये स्पिन परत एकदा वेगळं लावते. मग जीन्स उलटी, चारही खिसे बाहेर ओढलेले, ते छोटं नाण्याचं खिसं सुद्धा बोटाने उलटं करते कारण ओल तिथेच राहते. दोरीवर घडी घालून टाकत नाही. कमरेला समोरासमोर चार चिमटे लावून दोन दोऱ्यांमध्ये टांगते, म्हणजे कमरेचं तोंड उघडं राहतं आणि खालून पंख्याची हवा पायातून वर जाते. दुसऱ्या दिवशी सुलटी. शेवटी खिशाच्या पिशव्यांवर आणि कमरेवर कोमट इस्त्री. हात लावून गार लागतंय तोवर घडी नाही. लोक म्हणतात वाळली, पण ती वाळलेली नसते, हाताला गार लागत नाही इतकंच. गालाला लावून बघा, लगेच कळतं.

थंडीकर
गालाचा उपाय आजीचा. इथेही तोच करतो.

ताणाबाणा
टांगायची पद्धत एक नंबर. कुबट वासामागे मोरॅक्सेला नावाचे जंतू असतात, ओल्या कपड्यात वाढतात आणि साध्या गार धुण्याने पुरते जात नाहीत. वास मुरला असेल तर शेवटच्या खळबळीच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला आणि उघडीप मिळेल त्या दिवशी उन्हात टाका, उलटी. (मुळशीकर, वहिनींना इथे मुद्दा मिळाला.) पण ज्या बादलीत ब्लीच आहे तिच्यात व्हिनेगर चुकूनही नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. जीन्सला ब्लीच तसंही नकोच, इंडिगो खलास होतो.

एरवी ऊन मात्र सावलीच्या कडेचंच बरं. इंडिगोला उजेड सोसत नाही. गॅलरीत वर्षानुवर्षं एकाच बाजूने टांगलेली जीन्स पुढून आणि मागून दोन रंगांची होते.

चिंगी
माझा प्रश्न. स्ट्रेच जीन्स गुडघ्याला फुगते आणि परत जाग्यावर येत नाही. आणि काळी जीन्स वर्षात तपकिरी कशी होते?

ताणाबाणा
स्ट्रेचमध्ये साधारण एक ते तीन टक्के लायक्रा असतं. जोसेफ शिव्हर्स यांनी ते ड्यूपाँटमध्ये १९५८ मध्ये बनवलं. त्याचे दोन वैरी, उष्णता आणि क्लोरीन. गरम पाणी, कडक इस्त्री, ड्रायर, ब्लीच यांनी आतला तो बारीक धागा मरतो, वरचं सूत तसंच राहतं. मग जीन्स ताणली जाते पण आक्रसत नाही. फुगलेला गुडघा गार पाण्यात भिजवून सपाट वाळवला की बराचसा बसतो, जर धागा जिवंत असेल तर. एक दिवसाआड घाला, कापडाला आराम द्या.

काळी जीन्स बहुधा सल्फर रंगाची असते. हा रंग स्वस्त आणि पक्का, पण ब्लीचशी वैर. शिवाय दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिली तर त्यातून आम्ल तयार होतं आणि सूत कुजल्यासारखं कमकुवत होतं. माळ्यावर ठेवलेली काळी जीन्स ओढली की टर्रकन फाटते ती यामुळे. फिक्या निळ्या जीन्सचं वेगळं, तिच्या घडीच्या कडा हवेतल्या ओझोनने पिवळ्या पडतात. तेव्हा न वापरायच्या जीन्स कोरड्या करून कापडी पिशवीत ठेवा.

खडूस_आजोबा
अवांतर: ही फाटकी-विटकी जीन्स दुकानात नवी म्हणून महाग का मिळते हे कोणी सांगेल का?

ताणाबाणा
आजोबा, विटवायला जास्त मेहनत लागते म्हणून. प्युमिस नावाच्या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर धुतात, नाहीतर सेल्युलेज नावाचं एन्झाइम वापरतात, मांडीवरचा फिका डाग पर्मॅंगनेट फवारून करतात. पूर्वी वाळूचा फवारा मारायचे. त्याने कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार व्हायला लागला, म्हणून तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणी वालधुनीत जायचं आणि नदीचा रंग बदलायचा, ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. घरची जीन्स घरीच हळूहळू विटवणं त्या मानाने निरुपद्रवी काम आहे.

रत्नांग्री
डागांचंही सांगा ना. दुचाकीच्या साखळीचं वंगण आणि रश्श्यातली हळद.

ताणाबाणा
वंगणावर आधी पाणी घालू नका. कोरड्या डागावर भांड्यांचं लिक्विड चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग कोमट पाणी. हळदीवर साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका, ती हळदीची खोडी आहे. तेल निघेपर्यंत लिक्विडने धुवा आणि मग फक्त डाग उघडा ठेवून, बाकीची जीन्स टॉवेलने झाकून उन्हात ठेवा. हळद उन्हात उडते. रक्ताला गारच पाणी, गरम केलं तर डाग पक्का. बॉलपेनला स्पिरिट, पण खाली जुनं फडकं घालून आणि टिपून, घासून नाही.

चिंगी
आणि जीन्समुळे पांढरा कुर्ता निळा झाला तर?

ताणाबाणा
कुर्ता शुद्ध सुती आणि पूर्ण पांढरा असेल तरच पुढचं वाचा. रंगवाल्याच्या दुकानात रंगकाट मिळतो, त्यात बहुधा तोच आमचा मिलमधला हायड्रो असतो. गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यासोबत घातला की तो इंडिगोला परत विरघळणाऱ्या रूपात नेतो. मिलमध्ये जे सुरुवातीला करतो तेच इथे उलट्या हेतूने. पाणी पिवळट झालं की कुर्ता तसाच हवेत लटकवू नका, नाहीतर उरलेला रंग परत निळा होऊन बसेल. लगेच भरपूर पाण्याने धुवा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, वास वाईट असतो. उरलेली पूड ओलाव्यापासून लांब, ओली झाली तर तापते, पेटूही शकते. भरतकाम, जर किंवा रंगीत पाइपिंग असेल तर हा उद्योग नको.

कोरी_जीन्स
वाखु (वाचनखूण) साठवली. ताणाबाणा, मांड्यांमध्ये विरलेल्या जीन्सचं काय करता?

ताणाबाणा
भोक पडायच्या आधी रफूवाल्याकडे न्या. उजेडाकडे धरली आणि पांढरे आडवे धागे शिडीसारखे दिसायला लागले, की वेळ झाली. आतून जुन्या जीन्सचाच पातळ तुकडा लावून वरून निळ्या दोऱ्याने मशीनवर पुढे-मागे टाके. जाड ठिगळ लावू नका, त्याच्या कडेने नवं फाटतं. भोक पडल्यावर खर्च जास्त आणि मनासारखं होत नाही.

पमा_बेळगाव
शेवटचं विचारते. लेकाची नवी जीन्स चार बोटं लांब आहे. आधी धुवायची की आधी अल्टर?

ताणाबाणा
आधी धुवा, पूर्ण वाळवा, मग टेलर. मिलमध्ये आकसवून दिलेलं कापडही पुढे एक ते तीन टक्के आटतं. आतली लांबी बत्तीस इंच असेल तर तीन टक्क्यांनी जवळपास एक इंच गेला. न आकसवलेलं कोरं डेनिम असेल तर सात ते दहा टक्केही जातं, म्हणजे चार बोटांचा प्रश्नच मिटेल.

पमा_बेळगाव
बरं झालं विचारलं. टेलर संध्याकाळी माप घ्यायला येणार होता, फोन करून पुढच्या आठवड्यात ये म्हणते.